'कायम'चा क

मुलगी चाकणच्या एका कंपनीत सात वर्षं कंत्राटावर आहे. मशीन तेच, शिफ्ट तीच, पण नोकरी दर अकरा महिन्यांनी नव्यानं सुरू. तिथल्या कंत्राटी कामगारांनी गेटवर सभा ठरवली, तर पोस्टर कोणी छापेना. फ्लेक्सवाल्यांचं पोट कंपन्यांच्या ऑर्डरींवर. "राव, आमाला यात न्हाई पडायचं," एकानं तोंडावर सांगितलं. माझं डोकंच फिरलं.

"छापखाना आहे ना आपला," मी मुलीला म्हणालो.

छापखाना म्हणजे चिंचवडच्या घरामागच्या खोलीतलं वडिलांचं हातयंत्र आणि लाकडी अक्षरांचा खण. एवढी मोठी अक्षरं शिशाची केली तर उचलवत नाहीत, म्हणून लाकडाची. संपाची, जयंतीची, कुस्त्यांची पोस्टरं वडिलांनी याच अक्षरांवर काढली. आम्ही मथळा एकाच शब्दाचा ठरवला: कायम. खण उघडला, तर 'क' वाळवीनं पोखरलेला.

मी घाबरतो होय! चाळीस वर्षं भोसरीत फाउंड्रीसाठी, म्हणजे ओतकामाचे साचे ज्यावरून घेतात ते, लाकडी पॅटर्न केलेत, एक 'क' म्हणजे डाव्या हातचा मळ. शिसवाचा तुकडा आडवा कापला, त्यावर उलटा 'क' आखला, कोरला, पॉलिशपेपर मारला. मोठ्या फुशारकीनं यंत्रावर चढवला आणि दांडा ओढला. 'क' कागद फाडून आरपार, बाकीची अक्षरं पुसट.

चूक माझ्या पट्टीची. ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून पॅटर्नवाल्यांच्या पट्टीवरचा प्रत्येक मिलिमीटर मुळातच थोडा मोठा असतो. सवयीनं मी ठोकळ्याच्या उंचीलाही तीच पट्टी धरली. लाकूड कशाला आक्रसतंय? 'क' केसभर उंच राहिला.

मुलगी पोट धरून हसली. "पप्पा, घासा की थोडा."

"नाही घासणार." सात वर्षं तिलाच घासत आलेत, तेवढं पुरे. "बाकीच्यांना वर उचलू. तुझे आजोबा अक्षराखाली कागद चिकटवायचे. जाड कागद आण."

तिनं पर्समधून कंपनीची नोटीस काढली: गेटवर जमाव करू नये. कागद चांगला जाड होता. तिनंच कात्रीनं पट्ट्या कापल्या, मी काना, 'य' आणि 'म'खाली चिकटवल्या. पुन्हा दांडा ओढला. सगळी अक्षरं सारखी, काळीभोर उठली.

सभा झाली. कंपनी अजून बोलत नाही. पुढच्या सभेलाही पोस्टर लागणारच, म्हणून मथळा यंत्रावरून उतरवलेला नाही. नोटीसही तिथंच आहे, अक्षरांच्या खाली.