न लागलेला कॅमेरा

मी सणसवाडीच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं म्हणजे कुठंतरी वायर तुटलेली असते, एवढंच मी मानतो. कुणाला लागीर झालंय अशी चर्चा सुरू झाली की मी तिथून उठून जायचो. तरी हे लिहितोय... कारण दोन हजार सहा सालापासून मला याचा फॉल्ट सापडलेला नाही.

तेव्हा आम्ही दौंडला रेल्वे कॉलनीत राहायचो — आप्पा, आई आणि मी. थोरला भाऊ, दादा, मस्कतला वेल्डर. तीन वर्षं घरी आला नव्हता. आईचं हृदयाचं दुखणं वाढत चाललं होतं. दादा दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तिकडच्या सायबर कॅफेतून चॅटवर यायचा आणि एकच धोशा लावायचा, "आईला एकदा दाखव."

म्हणून पुण्याहून वेबकॅम आणला. माझ्या सेकंडहँड कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं, व्हायरसला कंटाळून मीच हौसेनं टाकलेलं. ती हौस आता नडली. कॅमेऱ्याचं नाव स्क्रीनवर यायचं, पण चित्र शून्य. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम, स्वतःच कंपाईल करून बनवावा लागणार होता. डायलअपवर तासभर फाईल उतरवायची, कमांड मारायची आणि पानभर एरर वाचत बसायचं. आई रोज संध्याकाळी कुंकू लावून, पदर नीट करून खुर्चीत येऊन बसायची.

"लागला का रं?"

"न्हाई गं. उद्या बघू."

"बघ बाबा. तुझ्या ह्या डबड्यापायी माझं नटणं रोज वाया चाललंय."

तीन आठवडे हेच चाललं. एका सोमवारी सकाळी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी खाली बसली आणि तिथंच गेली.

मला रडू आलं नाही. आमच्यात जिथं जीव गेला तिथं पिठावर दिवा ठेवून वर बांबूची पाटी पालथी घालतात, तशी घातली. दादाला कळवायचं नाही, असं आप्पांनी ठरवलं. "पासपोर्ट मालकाकडं हाय त्याचा. यायला जमायचं न्हाई, आन् तिकडं एकटाच ऊर बडवत बसंल. आल्यावर सांगू." मी मान हलवली. त्यानं विचारलं तर कॅमेरा लागत नाही म्हणायचं, हे माझं मीच ठरवलं. कॅमेरा खोक्यात भरला, खोकं कपाटात टाकलं.

शुक्रवारी दुपारी चार वाजता दादा चॅटवर आला. मी खोटं टाईप करायच्या आत त्याचाच मेसेज — "दिसली रं आई."

मी लिहिलं, "कुठं?"

"अरे चॅटवरच. दोन मिनिटं दिसली, आत्ता बंद झालं. उंबऱ्यापाशी खाली का बसवलंस तिला? शेजारी पाटी कसली पालथी घातलीय? जेवलास का म्हणून हातानं विचारत होती."

उठून कपाट उघडलं. खोकं होतं, खोक्यात कॅमेरा होता. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, तिथून उंबरा दिसतच नाही. पाटीचं तर त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. परत येऊन "हो, लागला" एवढंच लिहिलं.

पुढच्या शुक्रवारपासून कॅमेरा पुन्हा बंद पडलाय म्हणत राहिलो. चार महिन्यांनी दादा आला. आप्पांनी दारातच सांगितलं, तसा तो पायरीवर बसला. संध्याकाळी त्यानं तारीख विचारली, बोटांवर दिवस मोजले, पुन्हा मोजले.

"म्हंजी गेल्यावर दिसली मला," तो म्हणाला. मग, "तू कॅमेरा लावलास म्हणून तेवढी तरी भेट झाली रं."

मी सगळं तपासून पाहिलं. कुणी म्हणालं, दुसऱ्याच कुणाचा कॅमेरा चुकून जोडला गेला असेल. असेल. पण मग पाटी?

दादा अजूनही चार माणसांत माझ्या पाठीवर हात ठेवून सांगतो, ह्यानं मला आई दाखवली. मी खाली बघत बसतो. तो कॅमेरा माझ्याकडून कधीच लागला नाही, हे मी त्याला सांगितलेलं नाही. सांगावंसं वाटतं... पण मग ती त्याला कुणी दाखवली, असं तो विचारेल.