माझ्या पुढचा रोल नंबर

माझ्या अंगातलं जितकं रक्त माझ्या पुढच्या रोल नंबरने काढलं आहे, तितकं डहाणू तालुक्यातल्या तमाम डासांना मिळूनही काढता आलेलं नाही. डासांचं निदान पोट तरी भरतं. हिची जिज्ञासा कधीच भरली नाही. मेडिकल कॉलेजात मैत्री आपण निवडत नाही, ती हजेरीपट ठरवतो. प्रॅक्टिकलच्या टेबलावर ती, तिच्यामागे मी. वॉर्डात ती, तिच्यामागे मी. तोंडी परीक्षेत ती आत जाऊन परीक्षकांना इतकं प्रसन्न करून यायची, की ते माझ्याकडे मोठ्या आशेने बघत. ती आशा मावळायला फार वेळ लागत नसे. ती मला नावाने कधी हाक मारत नसे. "ए मागच्या!" एवढंच.

इतरांच्या अ‍ॅप्रनच्या खिशात मोबाइल असायचा, हिच्या खिशात साखर तपासायचं यंत्र. वडापाव खाल्ला की टोच, जिना चढला की टोच, पेपर अवघड गेला की टोच. स्वतःची दहाही बोटं संपली की माझी सुरू. एकदा म्हणाली, "रागावल्यावर साखर वाढते का बघायचंय. मागच्या, जरा भांड माझ्याशी." मी म्हटलं, माझं तुझ्याशी काही भांडण नाही. "तेच तर! एवढं साधं काम जमत नाही तुला," असं म्हणून ती अशी काही भडकली, की शेवटी तिचंच बोट टोचावं लागलं. दुसऱ्या खिशात वजनाचा छोटा काटा. वर्गातल्या एकीच्या बहिणीच्या लग्नात तिने पंगतीत काटा काढला आणि पानातली जिलबी त्यावर ठेवली. वाढप्याला वाटलं, मालकाने तपासणीला माणूस पाठवला. त्याने आमच्या अख्ख्या रांगेला तिथून पुढे एकेकच जिलबी वाढली. समोरच्या रांगेतले लोक तीन-तीन हाणत होते आणि ही मला समजावत होती, की आपलं किती भलं झालं!

या वेडाचं मूळ चिखल्याला, तिच्या गावी होतं. तिथे तिच्या वडिलांची चिकूची वाडी, आणि खुद्द वडिलांना (मी त्यांना काका म्हणायचो) मधुमेह. काकांना दवाखान्यात कुणीतरी "भात बंद" असं सांगितलं, त्या दिवशी काकांनी भाताऐवजी दवाखाना बंद केला. "भात सोडायला सांगणाऱ्याचं तोंड बघणार नाही," म्हणाले, आणि खरोखरच कुणा डॉक्टरकडे फिरकेनात. चिकू तर चालूच. एकदा हिने त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून काळ्याभोर चकचकीत बिया काढून समोर धरल्या. काका जराही न बिचकता म्हणाले, "पेरायला ठेवल्यात."

"आपली वाडी कलमांची आहे, बाबा. बी कधी पेरली होती आपण?"

"म्हणून तर म्हटलं, एकदा पेरून बघावी!"

पण त्याच दिवशी त्यांनी शब्दही दिला. भाताला जोड म्हणून आपल्याच मुलखातलं काही चालतं, असं हिने दाखवून दिलं, तर ते मुकाट्याने तपासणीला जाणार. "पण पुस्तकातलं नको. इथल्या माणसांवर दाखव."

दुसऱ्या वर्षाला असताना, २०१६ साली, हिने गाइड मॅडमकडून आणि कॉलेजच्या समितीकडून परवानगी मिळवली. तलासरीच्या पूर्वेकडच्या पाड्यांतली मधुमेहाची माणसं घ्यायची, एक दिवस भाताच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर बघायची, दुसऱ्या दिवशी वरईच्या जेवणानंतर. दिवाळीच्या सुट्टीत काम संपवायचं, नाहीतर प्रकल्प बंद. मुक्काम चिखल्याला, आणि पथकात माणसं दोन: ती आणि मागचा.

भाताचा दिवस झकास पार पडला. आरोग्य उपकेंद्राच्या ओसरीवर आम्ही डबे नेले, सगळ्यांना वाढलं, सगळे जेवले, साखर यायची तेवढी चांगली चढून आली. वरई मात्र ज्याच्या-त्याच्या घरी शिजणार होती, म्हणून आम्ही घरोघरी निघालो. काळी-पिवळी जीप सोडेल तिथून चढण. कापणीचे दिवस, माणसं आमच्यासाठी शेतावर उशिरा जाणार. तेव्हा हिने चढणीवर उभं राहून कायदा केला: त्यांच्या घरचा घासही आपण खायचा नाही, आधीच त्यांना आपला त्रास. शिवाय जेवणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघत बसणं वाईट, म्हणून आपण अंगणात थांबायचं. ताट वाढलं असा आतून आवाज आला, की घड्याळ लावायचं.

आणि काय सांगू, निकाल! दोन तासांनी बघावं तर साखर जिथल्या तिथे. एका घरी, दुसऱ्या घरी, साऱ्या पाड्यात. वरई नव्हे, अमृत! मॅडम फोनवर खूश. काका म्हणाले, "सोमवारी जातो तपासणीला." मी तर मनातल्या मनात विद्यार्थ्यांच्या संशोधन परिषदेच्या व्यासपीठावर चढून, तिच्या मागे का होईना, उभाही राहिलो होतो.

शेवटचं घर लखमीमावशींचं. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. पाणी मागायच्या निमित्ताने मी आत डोकावलो, तर कोपऱ्यात झाकलेलं ताट. झाकण जरा वर केलं, तर वरईचा भात, डाळ, वालाची भाजी, सगळं जागच्या जागी. कायदा गेला खड्ड्यात, असं म्हणून मी विचारलं, "मावशी, हे उरलंय का?"

"उरला कुठला? माझाच हाय तो."

"मग तुम्ही जेवला नाहीत?"

मावशी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मलाच काही झालंय. "पावनं अंगनात उपाशी बसलेत, नि मी आत बसून गिळू? तुमी गेलात का जेवतंय ना! गोळी पन तवाच घेतंय."

माझ्या मागे दारात ती उभी होती. ती तशीच मागे फिरली आणि पाड्यातल्या प्रत्येक घरी जाऊन विचारून आली. कुणीही जेवलं नव्हतं. उपकेंद्रात आम्ही यजमान होतो, म्हणून ते जेवले. घरी ते यजमान झाले आणि आम्ही पाहुणे. साखर वाढणार कशी? ती अंगणात दगडावर बसली. "आजारी माणसांना आपण उपाशी ठेवलं, मागच्या. माझ्या कायद्याने." मग तिने मॅडमना फोन लावला. "मॅडम, वरईचे सगळे आकडे चुकलेत." मी हातवारे करून, दातओठ खाऊन सुचवत होतो की जरा दमाने सांग. तिने माझ्याकडे पाठ फिरवली. मॅडमनी सुट्टी संपेपर्यंतची मुदत दिली. दुसरा फोन चिखल्याला. "बाबा, सोमवारी जाऊ नका. मी अजून काही दाखवलेलं नाही."

दुसऱ्या सकाळपासून नवा कायदा. घरच्यांबरोबर आपणही पंगतीला बसायचं. ताटं वाढून झाली की ती मनगटावरच्या घड्याळाकडे बघून ओरडायची, "घास!" आणि सगळ्यांचे हात एकदम ताटात. पोरं हसायची, म्हातारी माणसं सुरुवातीला दचकायची, मग घोटभर पाणी पिऊन तयारीत बसायला लागली. आता पाहुण्याला एका घासावर सोडतं कोण? "एवढंच? मग वरय आवडली नाय वाटतं!" असं म्हटलं की दुसरी वाढ आलीच. मी सुखात होतो. तिची मात्र चढण चढताना त्रेधा उडायची, पण एक घर चुकवलं नाही. चयापचयावर संशोधन करायला गेलेली मुलगी परत आली, तेव्हा तिच्या अ‍ॅप्रनचं बटण लागत नव्हतं.

खरा निकाल अगदीच गरीब निघाला. वरईने फरक पडत होता, पण थोडा. चमत्कार वगैरे काही नाही. परिषदेत आम्हाला कोपऱ्यातली जागा मिळाली आणि चहाच्या रांगेतली माणसं चुकून आमच्या तक्त्यासमोर उभी राहिली. तिने चिखल्याला जाऊन वडिलांना सांगितलं, "थोडा फरक पडतो, बाबा. वाटीभर भात, वाटीभर वरई. आणि डॉक्टर."

काका हळहळले. "आधीचा आकडा कसला झोकात होता!"

"खोटा होता."

"हं," काका म्हणाले. "चांगला आकडा हातचा टाकून देणाऱ्या माणसाच्या थोड्या फरकावर विश्वास ठेवायला हरकत नाही." आणि सोमवारची वाट न बघता ते पायात चपला सरकवून उठले. जाताना खिशातल्या बिया मात्र तिच्या हातात देऊन गेले.

आता ती दूर कुठल्याशा डोंगरातल्या इस्पितळात आहे. तिथली माणसं तिला बोटं देतात म्हणे. मी इथेच, चारोटीजवळच्या एका दवाखान्यात. डब्यात वरई असते, असं तिला फोनवर सांगतो, आणि ती "बोट दे" म्हणू शकत नाही, हे मला आवडत नाही. मध्यंतरी एका पेशंटला बघायला त्या पाड्यावर गेलो, तेव्हा लखमीमावशींनी धरून बसवलं. ताटं वाढली. मावशी बसल्या, मी बसलो, आणि दोघांचेही हात ताटाशी थांबले. मी दाराकडे बघितलं. मावशींनीही बघितलं. भातावरची वाफ विरायला लागली.

शेवटी मावशींनी आपल्या रिकाम्या मनगटाकडे नीट बघून घेतलं, आणि हळूच म्हणाल्या, "घास."