हलू नका काका

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत त्यांना सगळे ‘हलू नका काका’ म्हणायचे. लाकडी कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडात ते शिरले की बाहेर नुसता पांढरा लेंगा उरायचा आणि आतून हुकूम यायचा, “हलू नका.” समोर बहुतेक वेळा जुन्या लेण्या-देवळांचे दगडच असायचे.

मी शेजारची नवी सून. पूर्वीचे कॅमेरावाले लेण्यांच्या आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी माणूस उभा करत, तसा काकांनाही लागे. काकू केव्हाच कंटाळल्या होत्या, त्यामुळे वर्णी माझी लागली. सासूबाईंच्या मते माझ्या लग्नातही माझे इतके फोटो निघाले नव्हते.

जुन्या बाजारात काकांना अंजनेरीचा एक फोटो सापडला होता, कॅमेरा नवलाईचा होता त्या काळातला. पडकं मंदिर, शेजारी एकटा खांब, मागे कातळकडा. तो जिथून काढला तिथूनच पुन्हा काढायचा, हा त्यांचा ध्यास. काचबिंदूने नजर विझत चालली होती, म्हणून घाई. कित्येक रविवार आम्ही तिथली शेतं तुडवली आणि शेवटी जागा सापडली ती एका गोठ्यात; समोर तो खांब अजून उभा होता.

गोठ्याच्या मालकीणबाई दारातच आडव्या आल्या. “म्हैस कालच व्यायलीय, बाबा. परक्याची नजर नको. महिन्यानं या.” वर त्यांनी आम्हाला खरवस खाऊ घातला. मी गळ घालायला निघाले, तर काका म्हणाले, “तिच्या घरात तिचंच चालणार.” मला त्यांचा रागच आला.

त्या महिन्यात पावसाने झोडपून काढलं. पुन्हा गेलो तेव्हा काकांना कॅमेऱ्याच्या काचेवर काही दिसेना. कापडाखाली मी शिरले.

“खांब आला का मधे?”

“नाही काका. पावसात पडला.”

काका माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “महिन्याचं काही बोलू नकोस. उगाच मनाला लावून घेईल ती.” आणि मोठ्याने त्यांनी बाईंना विचारलं, खांबाच्या जागी जरा उभ्या राहाल का. बाई पदर सावरत, लाजत गेल्या.

बटण काकांनीच दाबलं. तो त्यांचा शेवटचा फोटो. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. फोटो माझ्या घरात आहे आणि त्यात मला आधी बाई दिसतात, कडा नंतर.