ज्या बाईने पाणी मागितले

ज्या वर्षी देवासात घरोघर उंदीर मरून पडू लागले, त्याच्या आधीपासूनच मी टेकडीवरच्या देवीला हात जोडणे सोडले होते. देव नाही असे म्हणण्याइतके शहाणपण माझ्यापाशी कधीच नव्हते. मी नुसती रुसले होते. सोनकच्छला एक लग्न उरकून आम्ही परत येत होतो आणि काळी सिंध नदीच्या उतारावर आमची बैलगाडी उलटली. बाकीच्यांचे खरचटण्यावर निभावले. माझ्या कंबरेवर गाडीचे सगळे ओझे आले. वैदूने हाड बसवले, पण ते वाकडेच जुळले. उजवा पाय लोंबता राहिला, डावा गुडघ्यात वळेना. पंचविशीसुद्धा गाठली नव्हती मी तेव्हा. यमू, माझी एकुलती एक लेक, नुकती चालायला लागली होती. ती घरभर धावायची आणि मी माजघरातल्या बाजेवर पडून तिच्या पैंजणांवरून ती कुठे गेली ते ओळखायची.

माझ्या सासूबाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. त्या वयात त्यांनी माझे लेकरासारखे केले. मला उचलायच्या, पुसायच्या, भरवायच्या. पण मी तांदूळ निवडायला सूप मागितले तरी म्हणायच्या, "राहू दे गं पोरी. तू पडून राहा. आम्ही आहोत ना." एकदा मी बाजेवरून घसरत खाली उतरले, तर त्यांनी एवढा आकांत केला की शेजारपाजार गोळा झाला. त्यानंतर मी पुन्हा प्रयत्न केला नाही. माझे यजमान दरबारात कारकून होते. कचेरीतून आले की बाजेशी बसत, इकडचेतिकडचे सांगत, आणि उठताना नेहमी म्हणत, "सगळं ठीक होईल हं." त्यांच्या त्या बोलण्यावर ना त्यांचा विश्वास होता, ना माझा. आपल्यावाचून घराचे काही अडत नाही, हे कळल्यावर माणूस आतून कसा वाळत जातो, ते मी त्या दिवसांत पाहिले. देवीला मी एवढेच म्हणत असे, की न्यायचे तर ने, नाहीतर कुणाला तरी पाठव आणि मला उभी कर. पुढे तेही म्हणायचे सोडले.

मग प्लेग आला. आमच्या आळीत आधी धान्याच्या कोठीमागे उंदीर सापडले, मग समोरच्या घरातली सून गेली, मग तिचा दीर. गाव रिकामे करून बाहेर शेतांत झोपड्या बांधून राहावे, अशी दवंडी पिटली. गाड्या मिळेनात. ह्यांनी कशीबशी ओळखीच्या गाडीवानाची एक गाडी आणली, पण ती लहान होती आणि मला आडवे झोपवून न्यायचे तर दुसऱ्या कुणाला जागाच उरत नव्हती. मीच म्हटले, "आधी यमूला न्या. सासूबाईंना न्या. मी येते मागाहून." ह्यांनी माझ्या उशाशी पाण्याची कळशी ठेवली, पोळ्या ठेवल्या. यमू रडत होती. तिला उचलून घेत म्हणाले, "उन्हं कलायच्या आत गाडी परत आणतो. भिऊ नकोस." मागचे दार मोकळे ठेवून ते गेले. त्यांचे ते शेवटचे पाठमोरे जाणे. मला नीट दिसलेही नाही, कारण बाजेवरून दाराचा अर्धाच भाग दिसे.

उन्हे कलली, दिवे लागायची वेळ झाली, गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. मी हाका मारल्या, पण माजघरातली हाक रस्त्यापर्यंत पोचत नव्हती, आणि पोचली असती तरी ऐकायला आळीत होते कोण? अधूनमधून दुरून एक घंटा ऐकू यायची. मेलेल्यांना उचलून नेणारी गाडी होती ती. कळशीतले पाणी संपले. घरात कुठेतरी उंदीर मरून पडला होता, त्याचा वास सुटला होता. मला मरणाचे भय वाटले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. मला फार भय वाटले. पण त्याहून मोठा होता तो संताप. मनात म्हटले, तुझ्या टेकडीच्या पायथ्याशी राहून माझी ही गत, तर तू दगडच आहेस.

तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात कुणाचे तरी पाय वाजले. मला वाटले, हे आले. म्हटले, "आलात?" दाराच्या अर्ध्या फटीतून एक म्हातारी दिसली. मळकट लुगडे, पांढरे केस सुटलेले. भिंतीला धरून ती खाली बसली आणि म्हणाली, "बई ओ, थोडो पाणी पिला दे."

मी म्हटले, "माय, आड तिथे समोरच आहे. पोहरा बांधलेलाच आहे. ओढून घे. मला उठता येत नाही."

ती म्हणाली, "म्हारा से भी नी उठाय." आणि तिने मान भिंतीला टेकली.

मी ज्याची वाट पाहत होते, ते हे नव्हते. मला उचलून नेणारे कुणीतरी हवे होते, आणि आली ती माझ्याकडेच मागणारी. क्षणभर वाटले, डोळे मिटून घ्यावेत, म्हणजे ती दिसणार नाही. पण तिच्या घशाचा कोरडा आवाज येत होता आणि तो माझ्याच घशासारखा होता. मी बाजेच्या कडेला आले आणि अंग खाली सोडून दिले. कोपर सडकून आपटले. जेवायचा पाट भिंतीशी उभा होता, तो ओढून त्यावर बसले. हात जमिनीला रेटून अंग उचलायचे, पाट पुढे सरकवायचा, परत बसायचे. माजघरातल्या सारवलेल्या जमिनीवर सोपे गेले. अंगणात फरशा उंचसखल, तिथे तळहात सोलवटून निघाले. आडाच्या कठड्याला पाठ लावून मी रहाटाचा दोर धरला. एवढ्या काळात ह्या हातांनी जड असे काही उचललेच नव्हते. पहिला पोहरा वर येता येता निसटून खाली गेला. दुसरा आला. मी आधी स्वतः प्यायले नाही, हे मी अभिमानाने सांगत नाही. माझ्या ते लक्षातच आले नाही. तिने ओंजळ धरली, मी वरून धार धरली. पाणी पिऊन ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "थारा हात में तो घणो जोर हे, बई."

अपघातापासून माझ्या पायांबद्दल सगळे बोलले होते. हातांबद्दल बोललेली ती पहिलीच.

तिच्या अंगाला हात लावला तेव्हा ती भाजत होती. काखेत गाठ आली होती. मी मागे सरकले. मग माझेच मला हसू आले. पळून जायचे म्हटले तरी पाय कुठे होते! आणि सरपटत आत जाऊन दार लावून घेतले असते, तर आत तरी काय होते? शिवाशीव, सोवळेओवळे, काही आठवले नाही. अंगणाच्या कडेला गाईचा गोठा होता, तिथे सावली होती. तिला काखेत धरून मी ओढत नेले. आम्ही दोघी मिळून एक धड माणूस होत नव्हतो. पदर भिजवून तिच्या कपाळावर ठेवला. स्वयंपाकघरात सरपटत जाऊन चूल पेटवली, तांदळाची पेज केली. चुलीपुढे मी कितीतरी काळाने बसले होते. धुराने डोळे चुरचुरत होते आणि मला ते बरे वाटत होते, हे सांगायची लाज वाटते, कारण बाहेर एक माणूस मरत होते.

तिचे गाव मी विचारले, नाव विचारले. ती मधूनच शुद्धीवर यायची. म्हणाली, "धणी गयो, छोरा गया. म्हूं तो बस चालती री." तिचे नाव तिने सांगितले नाही, की माझ्या प्रश्नाचा अर्थच तिला लागला नाही, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी माझे मनगट धरून पडली होती. मी पेज निववत होते. बोटांची पकड सैल झाली, तेव्हा मला कळले.

तिला तशीच ठेवणे मला जमेना. दुरून घंटा ऐकू आली. पुढच्या दाराची कडी वर होती, माझा हात पोचेना. उखळाजवळचे मुसळ घेतले आणि खालून ढोसून ढोसून कडी पाडली. उंबऱ्यावर छाती टेकून मी अशी ओरडले की माझाच आवाज मला ओळखू आला नाही. गाडी वळून आमच्या आळीत आली. बरोबरची माणसे मला बघून दचकली; ह्या घरात कुणी जिवंत असेल असे त्यांना वाटलेच नव्हते. त्यांनी त्या माईला उचलले. मी त्यांना ह्यांचे नाव सांगितले आणि झोपड्यांकडे निरोप पोचवायला सांगितले.

त्याच संध्याकाळी गाडीवान आला. अंगणात उभा राहून पागोटे हातात घेऊन मुसमुसू लागला. "बाईसाब, रावसाब नी रया." ते लोक झोपड्यांशी पोचले त्याच दुपारी ह्यांना हुडहुडी भरून आली होती. तापातसुद्धा "गाडी फिरवा, गाडी फिरवा" म्हणत होते. गाडीवान घाबरून पळाला होता. निरोप कानी आला, तेव्हा त्याला राहवले नाही. सासूबाई आणि यमू सुखरूप होत्या. मी ते ऐकले आणि त्याला म्हटले, "मला त्यांच्याकडे घेऊन चल." गाडीत त्याने मला उचलून ठेवले नाही. मीच हातांनी चढले. तेवढे तरी मला हवे होते.

प्लेग ओसरल्यावर आम्ही तिघी परत आलो. धारहून माझा थोरला भाऊ मला न्यायला आला. दादा मनाने मायाळू. म्हणाला, "धारला चल. एक खोली तुला देतो. कसलंही काम नको, नुसतं देवाचं नाव घेत बस."

मी म्हटले, "दादा, नुसतं पडून राहून मला देवाचं नाव घेता आलं नाही. मी पाहिलंय करून."

"अगं, पण लोक काय म्हणतील? पांगळ्या विधवा बहिणीला टाकली म्हणतील."

"लोकांना म्हणावं, तिची चूल देवासात आहे."

त्याने सासूबाईंकडे पाहिले. त्या लेकाच्या दुःखाने पार खचल्या होत्या. मला वाटले, आता त्याही म्हणतील, जा बाई. पण त्या हळूच म्हणाल्या, "तिला नेऊ नका हो. ती गेली तर मला कोण बघणार?" ज्या बाईने मला सूप हातात धरू दिले नव्हते, तिच्या तोंडून हे ऐकून मी पदरात तोंड लपवून रडले. दादा दुसऱ्या दिवशी एकटाच गेला.

नंतरचे आयुष्य सोपे गेले असे कुणी समजू नये. ह्यांच्या मागे दरबाराने थोडी रक्कम नेमून दिली होती, त्यात भागवले. सुताराकडून पाटाला खालून गुळगुळीत लाकडे ठोकून घेतली. रहाटाचा दोर खाली बांधून घेतला. पावसाळ्यात कंबर अशी दुखे की दात आवळून स्वयंपाक करावा लागे. कितीदा पडले, कितीदा हात भाजला. आळीतल्या बायका कीव करायच्या आणि मागे म्हणायच्या, नवरा खाल्ला. सासूबाई पुढे अंथरुणाला खिळल्या. त्यांचे सगळे मी केले. माझ्यासाठी त्यांनी केले होते तसेच. फक्त जे काम त्यांना जमत होते ते मी त्यांच्या हातातून काढून घेतले नाही. शेवटच्या आठवड्यापर्यंत त्या वाती वळत होत्या.

काही जणी म्हणतात, ती म्हातारी म्हणजे देवीच. मला ठाऊक नाही. देवीच्या काखेत प्लेगची गाठ येते का? ती कुठल्या तरी खेड्यातली, घर उजाड झालेली, तहानलेली बाई होती. पण मला एवढे ठाऊक आहे, की त्या सकाळी दुसरे कुणी आले असते, मला उचलून नेणारे, तर मी त्या झोपडीत ह्यांच्या शेजारी पडून राहिले असते, आणि पुढे जगले असते तरी कुठल्या तरी खोलीत पडूनच. शरण जाणे म्हणजे आपले ओझे देवावर टाकून गप्प राहणे, असे मी समजत होते. त्या दिवसापासून मला वाटते, जे समोर येईल, त्याला नाही न म्हणणे, एवढेच आपल्या हाती असते. पाय गेले ते गेले. हे गेले ते गेले. त्याचा हिशेब मी देवीला विचारत नाही.

यमूचे लग्न ठरले, त्या नवरात्रात मी टेकडीवर जायचे ठरवले. डोली करू म्हणून सगळे म्हणाले. मी नको म्हटले. पायऱ्यांना पाठ करून बसायचे आणि हातांनी अंग उचलून एकेक पायरी मागे चढायचे. बायका वाकून बघत बाजूने जात होत्या. वरपर्यंत जाईन असे वाटले होते, पण अर्ध्याच्याही अलीकडे दंड थरथरू लागले आणि तळहातांतून रक्त आले. मी तिथेच थांबले. वाईट वाटले, नाही असे नाही. मग वाटले, आज एवढेच होते. यमूच्या हातात ओटी दिली आणि म्हटले, "तू जा वर. मी इथून हात जोडते."

ती दोन पायऱ्या चढून वळली. म्हणाली, "आई, कुणाकुणाच्या नावाने वाहू?"

मी ह्यांचे सांगितले, सासूबाईंचे सांगितले. मग म्हटले, "आणि एक बाई होती. आपल्या आडावर पाणी प्यायली होती."

"तिचं नाव काय सांगू?"

"नाव मला माहीत नाही," मी म्हटले. "देवीला म्हणावं, तूच ओळखून घे."