पाहिलं ते पाण्याबरोबर

सकाळी भाकरी थापत होते, तेवढ्यात दिंद्रुडहून मावसभावाचा फोन आला. "अम्मी गेली," म्हणाला. आणि पुढं, "ये, पाणी तापवून ठेवतो." तशीच उठून माजलगावहून एसटीत बसले. हमीदा खालानं, माझ्या आईच्या बहिणीनं, मला बजावून ठेवलं होतं, "मला तूच न्हाऊ घालायचंस. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई."

गावातल्या आमच्या बायकांची शेवटची आंघोळ खालाच घालायची. आमच्यात मयताला ताटकळत ठेवत नाहीत. न्हाऊ घालायचं, कफन नेसवायचं, पुढच्या नमाजानंतर माती. निरोप आला की खाला भरल्या ताटावरून उठायची, आंघोळीच्या पाण्यात घालायला बोरीचा पाला तोडायची आणि आपला तांब्या घेऊन निघायची. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघायची. हाताखाली शिकताना मी एकदा म्हटलं, "मेलेल्याला काय कळतंय गं?" कसली उखडली! "तुला कळंना म्हणून तिला बी कळंना व्हय? हलका हात ठेव, लेकराला घालतो तसा." मयताशी बोलायचीसुद्धा... "चल बाई, कूस दे आता."

घरी आली की मात्र उंबऱ्यावर गप्प बसून राहायची. काय दिसलं, सांग ना, म्हणून आम्ही पोरी मागं लागायचो. कधी बधली नाही. "चांगलं दिसलं तर सांगावं. बाकी नजरंला पडलं ते पाण्याबरोबर जाऊ द्यायचं. मयताची अब्रू न्हाऊ घालणारीच्या हातात असती." मला तेव्हा ती लई आखडू वाटायची.

खाला गेली त्या दिवशी चादरीच्या आडोशाला ती आणि मी, दोघीच. घाईत पहिला तांब्या तसाच ओतणार होते, पण हात आपोआप थांबला. मनगटावर घेतलं, कढत होतं. विसण घातलं. खाला काडीसारखी झाली होती, मला एकटीला पेलली. कूस वळवली आणि मला दिसलं... काय, ते लिहिणार नाही. एवढंच कळलं, की 'दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई' ती का म्हणाली होती. दर शुक्रवारी तिच्याशेजारी बसून चहा प्यायले मी, आणि मला पत्ता नव्हता! आवाज न करता रडले. मोठ्यानं रडलेलं तिला खपलं नसतं.

बाहेर आले तर भाऊ म्हणाला, "अम्मीला काही त्रास होता का गं?" मी म्हटलं, "चेहरा लई शांत हाय." तेवढं खरंच होतं. त्यानं डोळे पुसले आणि खांदा दिला. आम्ही बायका कब्रस्तानात जात नाही. जनाजा वळणाआड गेला, मी दारातच राहिले.

तांब्या आता माझ्याकडे आहे. परवा गल्लीतल्या एका घरून बोलावणं आलं. गेले, पाणी मनगटावर घेतलं, सगळं नीट केलं. परत येऊन उंबऱ्यावर बसले. लेकीनं चहा आणला, तो निवून गेला. पाण्याबरोबर जातं म्हणायची खाला. खोटं बोलायची. काही जात नाही. हे बोलून मोकळं व्हावं अशी एकच बाई होती, आणि तिलाच मी न्हाऊ घातलं.