खिशात राहिलेली चिठ्ठी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि त्याला तर मी आमटीत मीठ विसरले तरी सांगते. मग तुम्हालाच का सांगतेय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

एम.ए. करत होते तेव्हा दादरच्या एका व्याख्यानमालेला जायचे. परीक्षेशी त्याचा काही संबंध नव्हता. पण तिथली माणसं कशी सावकाश, पूर्ण वाक्यं बोलायची — मला तसं व्हायचं होतं. हळूहळू मी तिथली स्वयंसेविका झाले. खुर्च्या मांडायच्या, आणि शेवटी श्रोत्यांच्या चिठ्ठ्या गोळा करून वक्त्यांना द्यायच्या. उठून प्रश्न विचारायची पद्धत तिथे नव्हती. प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, खाली नाव आणि राहण्याचं ठिकाण.

तिथल्या मैत्रिणींना मी सांगून ठेवलं होतं, बाबा टेक्स्टाइलमध्ये आहेत. खोटं होतं का? लालबागच्या मिलमध्ये ते साच्यांवर कापड विणायचे, मिल बंद पडल्यावर वॉचमन झाले. राहायचो घोडपदेवच्या चाळीत. हे मी तिथे कधी — असो. खोटंच होतं.

एका संध्याकाळी विषय होता गिरणी कामगारांचं जीवन. मी घरी बोलून बसले आणि बाबांनी इस्त्रीचा शर्ट काढला. नको कसं म्हणणार? ते मागच्या रांगेत बसले, हात मांडीवर ठेवून. चिठ्ठ्या गोळा करताना त्यांनी आपली पुढे केली, आणि मी ती अनोळखी माणसाची घ्यावी तशी घेतली.

स्टेजकडे जाताना उघडली. लिहिलं होतं, मिल सुटून इतकी वर्षं झाली तरी साच्यांचा आवाज कानातून जात नाही, तो कधी जातो का? खाली नाव, घोडपदेव, आणि — चिठ्ठ्या गोळा करणाऱ्या मुलीचे वडील.

वक्ते चिठ्ठी नावासकट वाचायचे. मला लाज वाटली. माझ्या बाबांची. मी ती कुर्त्याच्या खिशात टाकली.

बाकीच्या सगळ्या वाचल्या गेल्या. दर चिठ्ठीला बाबा सरसावून बसायचे. शेवटी वक्ते म्हणाले, प्रत्यक्ष मशीनवर काम केलेलं कुणी आज इथे असतं तर बरं झालं असतं. मी खुर्च्या आवरायला लागले.

बसस्टॉपवर बाबांनी विचारलं, "चिठ्ठी पोचली मा गो?" पोचली म्हटलं, पण वेळच संपला. तेवढ्यावर थांबायचं ना? त्यांचा उतरलेला चेहरा पाहिला आणि वर मीच म्हणाले — सर म्हणत होते, प्रश्न फार चांगला आहे.

झालं. बाबांनी ते चाळभर केलं. आजही कुणी पाहुणा आला की सांगतात, दादरच्या प्रोफेसरांनी माझ्या प्रश्नाची तारीफ केली. मी तेवढ्यात चहा ठेवायला उठते.

आता त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. तो आवाज मात्र अजून आहे म्हणतात. त्या चिठ्ठीचं खरं काय ते त्यांना सांगायचं तर ओरडून सांगावं लागेल, आणि चाळीतल्या भिंती कशा असतात — शेजारीपाजारी सगळे ऐकतील. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलेय.

पण चिठ्ठीवर लिहून देता येईल. बाबांना वाचता येतं. मी लिहिलेली नाही.