हात वर करा

भाकरी थापताना उजव्या खांद्यात कळ येते, मानेत चढते आणि तिथंच मुक्काम ठोकते. सहा वर्षं झाली. सोलापुरात भाकरीशिवाय जेवलेलं अंगी लागत नाही, त्यामुळे मला सुट्टी नाही. हल्ली नुसती परात दिसली तरी रडू येतं, आणि मग त्या रडण्याचाच संताप येतो.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडं जायचं ठरलं. बाई दवाखान्यात निघाली म्हणून आमच्यात घर उपाशी ठेवत नाहीत. सकाळीच दोन्ही वेळच्या भाकरी केल्या. त्या थापता याव्यात म्हणून आधी दुखण्याची गोळी घेतली. मग वेणी घातली, इस्त्रीची साडी नेसले. चारचौघांत जायचं तर नीट जायचं, हे आईनं लावलेलं वळण.

डॉक्टर म्हणाले, "हात वर करा."

गोळी लागू पडली होती. हात गेला की सरळ वर!

"फारसं काही नाही. एवढं मनावर घेऊ नका."

नवरा माझ्याकडं बघत होता, सहा वर्षं खोटं बोललेल्या बाईकडं बघावं तसा. मी गोळीचं सांगायला तोंड उघडलं, तोवर पुढच्या पेशंटला आत बोलावलं होतं.

रिक्षात तो म्हणाला, "बरं झालं की. संध्याकाळी पाहुणे हायत, चार भाकरी जास्त टाक."

संध्याकाळी गोळीचा जोर ओसरला. परातीत पीठ घेतलं आणि अगदी मनापासून वाटलं, हा हात एकदाचा मोडावा. मोडलेला हात दिसतो तरी.